तीन हजार चित्रपट-रेकॉर्ड्स मागे राहिल्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील गेले आणि त्यांच्या मागे सुमारे तीन हजार रेकॉर्ड्स राहिल्या. जवळजवळ सगळ्या चित्रपटांच्या. निम्म्याहून जास्त हिंदी, थोड्या मराठी, पाचएकशे हॉलिवूडच्या. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकड्यांपासून (त्यांनाच '78' म्हणतात) जास्त वेळ वाजणाऱ्या एलपीपर्यंत सगळं. चार महिन्यांत घर रिकामं करायचंय. एका भावाला सगळं एकदम विकून मोकळं व्हायचंय, दुसऱ्याला एकही रेकॉर्ड हलू द्यायची नाही, आणि तुम्हाला वाटतंय की सगळं डिजिटल करावं आणि मग एखाद्या संस्थेला द्यावं. शिवाय कोऱ्या पांढऱ्या पाकिटांत छापील लेबल नसलेल्या सात-आठ तबकड्या सापडल्यात, त्या टाकून द्यायच्या का, असंही तुम्ही विचारलंय.

टाकू नका. त्यांच्याकडे शेवटी येतो.

गेली पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांचे रेकॉर्डसंग्रह लावून देतोय. मोजायचं, धुवायचं, यादी करायची, आणि मग घरच्यांसोबत बसून कुठलं कुठे जाईल ते ठरवायचं. तुम्ही तिघं आत्ता जे करताय ते मी बहुतेक घरांत पाहिलंय: 'संग्रह' ही एकच वस्तू आहे असं धरून तिचं काय करायचं यावर वाद. ती एक वस्तू नाही. त्या तीन हजारांत कुठेही सहज मिळतील अशा रेकॉर्ड्स आहेत, दुर्मीळ आहेत, ज्यांच्यावरचं ध्वनिमुद्रण दुसरीकडे उरलेलंच नाही अशाही थोड्या असतील, आणि काही फक्त तुमच्या घरासाठी मोलाच्या आहेत. या सगळ्यांना एकच उत्तर लावलंत तर कुणाचं ना कुणाचं नुकसान ठरलेलं. वेगवेगळं केलंत तर तुम्हा तिघांचंही म्हणणं बऱ्याच अंशी खरं ठरतं.

पण वेगवेगळं करणार कसं? चित्रपटाच्या रेकॉर्डबाबत एक गोष्ट पक्की डोक्यात असावी लागते. रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते चित्रपटात असेलच असं नाही, आणि चित्रपटात आहे ते रेकॉर्डवर असेलच असंही नाही. 'हे गाणं आता फोनवर मिळतं, मग तबकडी कशाला?' हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. फोनवर मिळतं ते नेमकं कुठलं, हे तपासल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

दहा इंची 78 च्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. पडद्यावर पाच मिनिटं चालणारं गाणं त्यात बसवायचं तर एखादा अंतरा गळायचा, मधलं वाद्यसंगीत आखडायचं, किंवा गाणं 'भाग 1' आणि 'भाग 2' असं दोन बाजूंवर तोडावं लागायचं. याच्या उलटही झालंय: रेकॉर्ड बाजारात आली, लोकांच्या ओठांवर बसली आणि ते गाणं चित्रपटातून कापलं गेलं. अशा गाण्यांना रेकॉर्ड हेच एकमेव घर. त्यातून लेबलवर जे छापलंय तोही एक पुरावा असतो. 1949 च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या 78 वर गायिकेचं नाव 'कामिनी' असं आहे. कामिनी हे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. पार्श्वगायिकेचं नाव लेबलवर छापणं तेव्हा गरजेचं वाटत नव्हतं, हे त्या एवढ्याशा कागदावरून जेवढं ठसतं तेवढं कुठल्या लेखावरून ठसत नाही. गाणं सगळीकडे आहे. ते लेबल सगळीकडे नाही.

हॉलिवूडच्या एलपींचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. 1938 मध्ये व्हिक्टर कंपनीने 'स्नो व्हाइट'ची गाणी थेट चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरून घेऊन 78 च्या संचात काढली, आणि तिथून 'साउंडट्रॅक' नावाचा माल सुरू झाला. मात्र पुढे कित्येक संगीतकारांनी एलपीसाठी तेच संगीत स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलं. हेन्री मॅन्सिनींच्या 1960 च्या दशकातल्या गाजलेल्या एलपी अशा आहेत. 1975 चा 'जॉज'चा एलपीही जॉन विल्यम्स यांनी रेकॉर्डसाठी वेगळा वाजवून घेतलेला. चित्रपटात जे वाजतं ते बाजारात यायला पुढे काही दशकं गेली. म्हणजे एकाच चित्रपटाची जुनी एलपी आणि नवी सीडी या दोन वेगळ्या मैफली असू शकतात. 'सीडी आहे, एलपी काढून टाक' असं म्हणण्याआधी दोन्ही एकदा शेजारी शेजारी ऐकावं लागतं.

आमच्याकडच्या आणि तिकडच्या रेकॉर्डमधला आणखी एक फरक वर्गवारी करताना उपयोगी पडेल. इंग्रजी साउंडट्रॅक एलपी बहुतेक पार्श्वसंगीताच्या. हिंदी रेकॉर्ड गाण्यांची. पार्श्वसंगीत तिच्यावर क्वचितच आलं, आलंच तर शीर्षकसंगीताचा एखादा तुकडा किंवा दोन गाण्यांमध्ये पेरलेले संवाद. म्हणून हिंदी एलपीवर 'टायटल म्युझिक' किंवा 'इन्स्ट्रुमेंटल' असं छापलेलं दिसलं की मी तिथे थांबतो आणि ती बाजूला ठेवतो. गाणी पुढे दहा वेळा निघालेली असतात, तो दीड मिनिटाचा तुकडा पुन्हा निघालेला नसतो.

यावर कुणी म्हणेल, कंपन्यांकडे मूळ टेप असतातच की. असतात, पण सगळ्या नाहीत. 1 जून 2008 ला हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात मोठी आग लागली आणि तिथल्या गोदामातल्या कितीतरी मूळ टेप जळाल्या. तो प्रकार केवढा होता हे लोकांपुढे यायला 2019 उजाडलं. आगच लागायला हवी असंही नाही. ओल, बुरशी, गोदामाचं स्थलांतर, टेप पुसून पुन्हा वापरणं, यांनीही तेच होतं. मूळ टेप गेली की कुणीतरी नीट जपलेली पहिल्या आवृत्तीची तबकडी हाच मूळच्या सगळ्यात जवळचा उरलेला दुवा.

इतकं सांगितलं म्हणून तीन हजारांतली प्रत्येक रेकॉर्ड अमोल आहे असं मात्र समजू नका. बहुतेक नाहीत. ज्या चित्रपटांनी लोकांना वेड लावलं त्यांच्या रेकॉर्ड्स अफाट खपल्या, म्हणून त्या आजही अफाट मिळतात. 1965 चा 'साउंड ऑफ म्युझिक', 1977 चा 'सॅटर्डे नाइट फीवर', 'शोले'च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची एलपी. या तुमच्याकडे असणारच, काही तर दोन-दोन असतील. त्यांच्यावर प्रेम करा, पण त्यांच्यासाठी संस्था धावत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. दुर्मीळ होतात त्या पडलेल्या चित्रपटांच्या रेकॉर्ड्स, कारण त्या कुणी घेतल्याच नाहीत. किंवा ज्या बाजारात यायच्या आधीच मागे घेतल्या गेल्या: 1954 च्या 'द केन म्युटिनी'ची एलपी, मॅक्स स्टाइनर यांचं संगीत, आणि दुसऱ्या बाजूवर न्यायालयाच्या प्रसंगातले संवाद. मूळ लेखक हर्मन वूक यांनी हरकत घेतली, कंपनीने रेकॉर्ड मागे घेतली, आणि ज्या थोड्या प्रती बाहेर राहिल्या त्यांच्यामागे संग्राहक आयुष्यभर फिरले.

आता कामाला लागू. यादीच्याही आधी एक काम आहे आणि ते याच आठवड्यात करा. आडव्या रचलेल्या सगळ्या रेकॉर्ड्स उभ्या करा. आडव्या थप्पीत खालच्या तबकडीवर वरच्यांचं सगळं ओझं येतं. एलपीला बाक येतो आणि 78 ला तडा जातो. उभ्या म्हणजे ताठ उभ्या. कललेल्या राहिल्या तरी त्या हळूहळू वाकतात. 78 वेगळ्या खोक्यात, एलपी वेगळ्या. कव्हरवर चिकट, जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या असतील तर काढून टाका. त्या पीव्हीसीच्या असतात, आणि त्यांतलं मऊपणा देणारं रसायन वर्षानुवर्षं झिरपून रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतं, जो धुऊनही जात नाही. साध्या पॉलिथिनच्या पिशव्या चालतात.

वजनाचाही विचार करा. कव्हरसकट एक एलपी सरासरी पाव किलो धरा. तीन हजार म्हणजे पाऊण टन. फळीवर एका मीटरमध्ये अडीचशे ते तीनशे एलपी बसतात, म्हणजे तुम्हाला दहा-बारा मीटर मजबूत फळी लागेल. ज्या भावाला सगळं ठेवायचंय त्याच्यासमोर हे आकडे ठेवा. त्याच्या भावनेला उत्तर म्हणून नव्हे. नव्या घरात कुठली भिंत द्यायची ते त्याला ठरवता यावं म्हणून. हलवताना एका खोक्यात पन्नास-साठच्या वर एलपी भरू नका. मोठं खोकं भरलं की उचलणारा ते टेकवत नाही, आपटतो.

मग यादी. याबद्दल मी हट्टी आहे. यादी नसताना झालेला एकही व्यवहार, विक्री असो की देणगी, नंतर पस्तावा न देता गेलेला मी पाहिलेला नाही. सुरुवातीला सुंदर यादी करायची नाही. प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंच्या लेबलचा फोटो, आणि वहीत किंवा संगणकावर चारच गोष्टी: चित्रपट, कंपनी, रेकॉर्ड क्रमांक, अवस्था. दोन मिनिटांत एक होते. तीन हजारांना शंभर तास. तिघं भावंडं मिळून शनिवार-रविवारी बसलात तर दोन महिन्यांत हातावेगळं होतं, आणि माझा अनुभव सांगतो की निम्मा वाद त्या बसण्यातच मिटतो.

रेकॉर्ड क्रमांक चुकवू नका. एकाच चित्रपटाची पहिली आवृत्ती आणि पंधरा वर्षांनंतरची पुनरावृत्ती यांचं कव्हर हुबेहूब सारखं असू शकतं, क्रमांक किंवा लेबलची छपाई वेगळी असते. खाचा संपून लेबल सुरू होईपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर बारीक अक्षरं कोरलेली दिसतील. तो मॅट्रिक्स क्रमांक: ही तबकडी कुठल्या साच्यातून निघाली त्याची खूण. दिवा एका बाजूला ठेवा, रेकॉर्ड तिरकी धरा, म्हणजे वाचता येतो. शंका आलेल्या रेकॉर्ड्सचाच तो टिपा, सगळ्यांचा नको. आणि जुन्या एकस्रोती ध्वनिमुद्रणावर यंत्राने दोन बाजू पाडून 'स्टीरिओ' म्हणून विकलेल्या एलपी खूप आहेत. कव्हरवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. तशी एलपी आणि तिचीच मोनो, म्हणजे मूळ एकस्रोती, आवृत्ती दोन्ही हाताशी असतील तर मोनो ठेवा. ऐकायलाही तीच चांगली.

अवस्था लिहिताना स्वतःला फसवू नका. दिव्याखाली धरल्यावर दिसतात ते केसासारखे चरे, नखाला लागतो तो ओरखडा, आणि वर्षानुवर्षं जड सुईने वाजवून करड्या पडलेल्या खाचा, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने फारसं बिघडत नाही. दुसरीने ठरावीक ठिकाणी ठक-ठक होतं. तिसरीला इलाज नाही. धूळ धुता येते, झीज धुता येत नाही.

वडिलांनी काही लिहून ठेवलं असेल तर ते रेकॉर्ड्सच्याही आधी जपा. काही वर्षांपूर्वी एका घरी गेलो होतो. दोन हजारांवर 78, उत्तम ठेवलेल्या, आणि प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक आकडा: 214, 215, 216. तो आकडा कशाचा हे घरात कुणालाच सांगता येईना. मुलगा म्हणाला, एक लांबट हिशेबाची वही होती खरी, ती मागच्या महिन्यात रद्दीत गेली. मग एका पाकिटात त्या वहीचं सुटलेलं एकच पान सापडलं. 'क्र. 388. चित्रपटात तिसरा अंतरा आहे, इथे नाही. पडद्यावर सुरुवातीला सारंगी, इथे व्हायोलिन.' दोन ओळींत एका माणसाने चित्रपटगृहात बसून, मग घरी येऊन, कानांनी केलेलं संशोधन. अशा दोन हजार नोंदी होत्या त्या वहीत. रेकॉर्ड्स सगळ्या जागेवर होत्या आणि तरी संग्रहाचा अर्धा भाग गेलेला होता. मी ते पान कितीदा वाचलं असेल सांगता येत नाही. म्हणून आधी वह्या, पत्रं, पावत्या, कव्हरमध्ये खोचलेली वर्तमानपत्रांची कात्रणं शोधा. आणि पाकिटावर काही लिहिलं असेल तर नवं पाकीट घालताना जुनं फेकू नका.

डिजिटल करण्याचं तुमच्या मनात आहे, तर त्याचा हिशेब आधी पाहा. एका एलपीची चाळीस मिनिटं धरली तर तीन हजारांचे दोन हजार तास. हे नुसतं वाजण्याचं. रेकॉर्ड घाईत वाजवता येत नाही. रोज आठ तास बसलात तरी अडीचशे दिवस. धुणं, बाजू उलटणं, गाणी तोडून नावं घालणं धरलं की हे दुपटीच्या पुढे जातं. तुमच्याकडच्या 78 आणि ईपींमुळे (एलपीहून छोट्या, मोजक्या गाण्यांच्या रेकॉर्ड्स) मिनिटं कमी होतील, पण उचलठेव वाढेल. ध्वनिसंग्रहालयं ज्या दर्जाने काम करतात, 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ, त्यात एका तासाला दोन जीबीहून थोडी जास्त जागा लागते. म्हणजे चार टीबी, आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवायच्या प्रतीसाठी आणखी चार. चार महिन्यांत हे होत नाही. व्हायची गरजही नाही.

जे पुन्हा कुठेच निघालेलं नाही तेवढंच करा. यादी झाल्यावर हा आकडा बहुधा शंभर-दोनशेच्या घरात येतो, आणि तेवढं काम माणूस नीट, मन लावून करू शकतो. 78 साठी सुई वेगळी लागते. 78 च्या खाचा रुंद असतात, त्यांना साधारण 75 मायक्रॉनच्या टोकाची सुई हवी. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून बारीक. एलपीच्या सुईने 78 वाजवली तर ती खाचेच्या तळाशी साचलेला कचराच वाजवते. शिवाय 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक कंपनी मंद्र आणि तार स्वर आपापल्या मापाने कोरत होती. म्हणून जुनी रेकॉर्ड आजच्या यंत्रावर थेट वाजवली की आवाज कोंदट नाहीतर किरटा येतो. तो दोष तबकडीचा नाही. मूळ फाइलवर करकर काढायचे फिल्टर लावू नका; ती जशीच्या तशी ठेवा आणि सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर करा. आज साफ वाटलेल्या आवाजातून सारंगीचा गज किंवा गायिकेचा श्वासही पुसला गेला होता, हे काही वर्षांनी कळतं.

धुण्याबद्दल एकच ताकीद: 78 ला अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव लावायचं नाही. ती लाख आहे, अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीसाठी मिळणाऱ्या बऱ्याच द्रवांत ते असतं, म्हणून बाटलीवरचं वाचा. ऊर्ध्वपातित पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड, खाचांच्या दिशेने हात. लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं.

रेकॉर्ड तुमच्या मालकीची झाली म्हणून तिच्यावरच्या गाण्याचे हक्क तुमचे झाले नाहीत, एवढं लक्षात असू द्या. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत देशागणिक वेगळी: भारतात प्रकाशनापासून 60 वर्षं, युरोपीय संघात 70. शब्द आणि चाल यांचे हक्क त्याहून निराळे आणि बहुधा लांब चालणारे. घरी ऐकण्यासाठी प्रत करणं आणि ती जगासाठी खुली करणं यांत फरक आहे. दुर्मीळ ध्वनिमुद्रण लोकांपर्यंत जावं असं वाटत असेल तर ज्या संस्थेला हा कायदा हाताळायची सवय आहे तिच्यामार्फतच जा.

संस्था म्हणजे कोण? चित्रपटांची राष्ट्रीय संग्रहालयं, मोठ्या ग्रंथालयांचे ध्वनिविभाग, विद्यापीठांचे संगीत किंवा चित्रपट विभाग, रेकॉर्ड-संग्राहकांच्या मंडळ्या. त्यांच्याकडे 'तीन हजार रेकॉर्ड्स द्यायच्यात' असं म्हणत जाऊ नका. त्या वाक्याला बहुतेक ठिकाणी नम्र नकार मिळतो, कारण त्यांचीही गोदामं भरलेली असतात. यादी पाठवा आणि म्हणा, 'यातलं तुमच्याकडे जे नाही ते निवडा.' मग संभाषणाचा सूरच बदलतो. देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: रेकॉर्ड्स कुठे आणि कशा ठेवणार, किती काळात नोंद करणार, अभ्यासकांना ऐकायला मिळणार का, आणि दुबार निघालेल्यांचं काय करणार. चौथा प्रश्न लोक विचारत नाहीत. नंतर आपल्या वडिलांची सही असलेलं कव्हर विक्रीला आलेलं बघून दुखावतात. खरं तर दुबार प्रती विकून जतनाला पैसा उभा करणं यात गैर काही नाही, फक्त ते तुम्हाला आधी माहीत असावं. 'संग्रह फोडायचा नाही, वेगळ्या दालनात ठेवायचा' अशी अट घालाल तर नकार येण्याचीच शक्यता जास्त. त्यापेक्षा प्रत्येक नोंदीत वडिलांचं नाव राहील एवढं मागा. ते टिकतं.

विक्रीत घाई तुम्हाला मारक ठरेल. एकगठ्ठा घेणारा व्यापारी येतो, तासभर बोटांनी कव्हरं चाळतो, आणि मग सगळ्यांना मिळून एक आकडा सांगतो. त्या तासात त्याने तीस-चाळीस रेकॉर्ड्स मनात बाजूला काढलेल्या असतात. त्याचा आकडा त्यांच्यावर बेतलेला असतो, उरलेल्या तो ओझं म्हणून नेतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. ते ओझं उचलणं, ठेवणं, दहा वर्षं विकत बसणं हेही काम आहे आणि त्याचा मोबदला त्याने घ्यायलाच हवा. पण त्या तीस-चाळीस कुठल्या हे तुम्हालाही माहीत असलं पाहिजे. उलट एकेक रेकॉर्ड स्वतः विकायला बसलात तर प्रत्येकीला फोटो, वर्णन, पत्रव्यवहार, बांधाबांध मिळून वीस मिनिटं सहज जातात. तीन हजारांना हजार तास. सगळ्या अशा विकणं नोकरी सांभाळून होत नाही. म्हणून मी सांगतो: वरच्या शंभरेक स्वतः, सावकाश, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे बघून विका. विक्रेते जी किंमत मागतात ती बघू नका. मागायला कुणीही काहीही मागतं. बाकीच्या एकगठ्ठा द्या, आणि दोन-तीन जणांना दाखवून द्या. संस्थेला जायच्यात त्या आणि घरी ठेवायच्यात त्या व्यापारी यायच्या आधीच दुसऱ्या खोलीत हलवा. 'या पण टाका ना यात, चांगली रक्कम देतो' हे वाक्य ऐकून डोळ्यांदेखत पेटी गेलेली मी पाहिलीय.

मग ठेवायच्या कुठल्या? इथे लोक हमखास चुकतात. महागड्या ठेवतात आणि घासलेल्या देऊन टाकतात. माझा सल्ला उलटा आहे. कव्हर उसवलेलं, खाचा करड्या, लेबलवर मधल्या भोकाभोवती सुतासारख्या असंख्य रेषा. त्या रेषा म्हणजे रेकॉर्ड लावताना भोक शोधत लेबलवरून फिरलेल्या यंत्राच्या मधल्या खुंटीच्या खुणा. जितक्या जास्त तितक्या जास्त वेळा ती लावली गेली. बाजारात या रेकॉर्डला कुणी विचारत नाही, पण वडील तुमच्या घरात काय ऐकत होते हे तिच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही. अशा पन्नास-शंभर शोधा. त्यांना लागते एक फळी, दहा-बारा मीटर नाही. जोडीला चालू स्थितीतलं एक यंत्र ठेवा, नाहीतर ती नुसती कव्हरांची रांग होईल. सगळं ठेवू पाहणाऱ्या भावाकडे ही फळी द्या आणि निवडही त्यालाच करू द्या.

आता त्या पांढऱ्या पाकिटांतल्या तबकड्या. त्या वाजवू नका. एकदाही नाही, 'नुसतं बघू' म्हणूनही नाही. कडेला धरून उचला आणि मधल्या भोकाची आतली कड दिव्याशी न्या. कड काळीच असेल तर ती साधी रेकॉर्ड, बहुधा कारखान्याची चाचणी-प्रत, तीही जपण्यासारखी. पण कडेला ॲल्युमिनियम चमकलं, मधल्या भोकाच्या बाजूला आणखी एखादं भोक दिसलं, तर ती लॅकरची तबकडी. धातूच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा लेप आणि त्यावर थेट कोरलेला आवाज. छापून काढलेली नाही, म्हणून बहुतेकदा तिची दुसरी प्रत नसते. स्टुडिओत तालमीचा नमुना म्हणून, निर्मात्याला चाल ऐकवण्यासाठी, चित्रीकरणात वाजवण्यासाठी अशा तबकड्या काढल्या जात. तो लेप सुईच्या प्रत्येक फेरीला झिजतो, आणि काळानुसार आकसून सोलत जातो. पृष्ठभागावर पांढरी, तेलकट पूड दिसते का पाहा. ती बुरशी नाही. लेपात मिसळलेल्या एरंडेलातून सुटलेली आम्लं आहेत. म्हणजे आतला ऱ्हास सुरू झालाय. पुसू नका. तुमच्या सगळ्या डिजिटल कामात या पहिल्या आल्या पाहिजेत, आणि लॅकरचा हात असलेल्या माणसाकडेच. पहिल्यांदा वाजते तीच कदाचित शेवटची वेळ असते.

सोळा इंच व्यासाची एखादी निघाली तर मोजून घ्या. बोलपटांच्या सुरुवातीला, 1926 पासून काही वर्षं, व्हिटाफोन पद्धतीत चित्रपटाचा आवाज अशा तबकड्यांवर येत असे: मिनिटाला 33⅓ फेऱ्या, आणि सुई आतून बाहेर जाणारी. आकार तेवढा असला म्हणजे ती व्हिटाफोनच असं नाही, रेडिओसाठीही या मापाच्या निघत. पण कुणाला दाखवायची ते त्यावरून ठरतं.

तोवर पाकिटांवर हाताने काय लिहिलंय त्याचे फोटो काढून ठेवा, पुसटातलं पुसट अक्षरसुद्धा, तारीख, आकडा, अर्धवट नाव. आणि वडिलांच्या एखाद्या वहीशेजारी ठेवून बघा. अक्षर त्यांचं असेल तर त्यांनी ती कुठून आणली हे आईला किंवा त्यांच्या जुन्या मित्रांपैकी कुणाला आठवतंय का विचारा. अक्षर त्यांचं नसेल तर मला आधी तेच फोटो पाठवा, बाकीच्या यादीची वाट बघू नका.